मास्तरांचा अर्धा तास

पाणी सतरंजीखालून आलं. आधी मला वाटलं, जावेच्या मांडीवरच्या नातवाने कारभार उरकला. मी तिला म्हटलं, "अगं, तुझ्या नातवाकडे बघ जरा." ती म्हणाली, "तो कोरडा आहे. तुम्हीच बघा कशात बसलाय ते." तेवढ्यात पुढच्या ओळीतल्या बायका उठायला लागल्या. सगळ्यांची लुगडी मागून भिजलेली. स्टेजच्या पायरीपाशी मास्तरांची वाजवायची पेटी तिच्या लाकडी खोक्यात ठेवलेली होती. ते खोकं पाण्यात उभं होतं.

मास्तरांचं नाव माइकवर नुकतंच पुकारलं होतं. ते खुर्चीतून उठले, खोक्याला हात घातला, पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या कमरेने साथ दिली नाही. मी पुढे होऊन खोकं उचललं आणि पोटाशी धरलं. खालून पाणी गळत होतं. मास्तरांनी तळाला हात लावून पाहिला.

गावाचा महोत्सव आमच्या केळीच्या वाडीला लागून असलेल्या मोकळ्या जागेत होई. भातकापणी आटोपली, थंडी पडली की मांडव घालायचे. आमच्या सांडोर गावात तेव्हा केळीच्या बागा भरपूर होत्या, पण आजूबाजूला इमारती उठायला लागल्या होत्या आणि फ्लॅटमधली नोकरदार माणसं कमिटीत आली होती. त्यांनी महोत्सवाला वळण लावलं, हे मी नाकारत नाही. आधी नुसतं नाटक आणि भेळ असायची.

त्यांनी एक पद्धत पाडली. पहिली संध्याकाळ एखाद्या थोर गवयाच्या जयंतीची. स्टेजवर फोटो, समई, हार, मग मुंबईच्या पाहुण्याचं भाषण. तारीख जुळत नसेल तर जयंती चार दिवस मागेपुढे करत. गवई वारलेला, तो काय तक्रार करणार.

मास्तर जिवंत होते, ही कमिटीची अडचण. गावातल्या निम्म्या पुरुषांना भजनात पेटी वाजवायला त्यांनी शिकवलं होतं. माझ्या यजमानांनाही शिकवलं, त्यांना जमलं नाही, ते सोडा. दर वर्षी मास्तरांना स्टेजवर बोलवायचे, शाल-नारळ द्यायचे आणि परत खाली बसवायचे. वाजवायला कोणी सांगत नसे.

त्या वर्षी पहिला दिवस नेमका मास्तरांच्या वाढदिवसाला आला. कमिटीचा सेक्रेटरी, तरुण माणूस, त्यांना आमंत्रण द्यायला आला तेव्हा मी केळी द्यायला म्हणून त्यांच्या ओटीवर बसले होते.

"काका, या वेळी तुमचा सत्कार खास करणार आहोत. शाल मोठी आणलीय."

"शाली इतक्या झाल्यात की आमची बायको त्या मांजराखाली घालते. नारळ तर मी स्वतःच विकतो. मला अर्धा तास द्या. पेटी वाजवीन."

"काका, प्रोग्राम एकदम पॅक आहे."

"मग माझाही फोटोच लावा. हार घाला. म्हणजे कटकट मिटली."

सेक्रेटरीचा चेहरा उतरला. अर्धा तास देतो म्हणाला. तो गेल्यावर मास्तरांनी मला उजव्या हाताची बोटं दाखवली. दोन बोटं नीट वाकत नव्हती. "या वर्षी ऐकतायत. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही," एवढंच म्हणाले. बायकोला सांगू नका, असंही म्हणाले. मी सांगितलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून लोडशेडिंग होतं. जनरेटरवर चालवलं. शाळेच्या मुलींचे नाच लांबले. मग पाहुण्यांचं भाषण. ते थोर गवयाबद्दल बोलत होते, गवयाचं लहानपण संपायलाच पाऊण तास लागला. मधे सेक्रेटरी वाकून मास्तरांपाशी आला. "काका, वीस मिनिटं करूया?" मास्तरांनी पेटीवर हात ठेवला. थोड्या वेळाने परत आला. "काका, दहा. प्लीज. पाहुण्यांना निघायचंय." मास्तरांनी पेटीवरचा हात उचलला नाही.

भाषण संपलं आणि लाइट आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या भाषणाला होत्या असं पाहुण्यांना वाटलं. मांडववाल्याने जनरेटर बंद करून सगळं मेन लाइनवर टाकलं, मास्तरांचं नाव पुकारलं, आणि पाणी आलं.

पाणी आमच्या बावखलाचं. वाडीतल्या त्या तळ्यावर पाणी ओढायची मोटर बसवलेली आहे. लोडशेडिंगच्या काळात सगळे वाडीवाले एकच करत. लाइट गेली तरी मोटरचं बटण चालूच ठेवायचं, म्हणजे लाइट आली की पाणी आपोआप पाटाने केळींना जातं. माझ्या धाकट्या दिरांनी रोजच्यासारखं बटण चालू ठेवलं होतं. आणि पाहुण्यांची गाडी मांडवापर्यंत यावी म्हणून त्याच सकाळी त्यांनीच तो पाट मातीने बुजवला होता. पाण्याला मांडवाशिवाय रस्ताच नव्हता.

जाऊ मांडवातूनच नवऱ्याला विचारायला लागली. "पाट कोणी बुजवला?"

"गाडीसाठी बुजवला."

"आणि बटण?"

"बटण रोजचं आहे."

"धावा आता. रोजचं म्हणे."

भावजी धोतर वर खोचून धावले. मांडववाला शहाणा, त्याने पाण्यातल्या वायरी पाहून सगळी लाइट तोडली. माइक बंद, दिवे बंद. तिन्हीसांजेचा उजेड होता तेवढाच. सेक्रेटरी स्टेजवर चढून ओरडून म्हणाला, "मंडळी, दिलगीर आहोत, कार्यक्रम इथेच..." पाहुणे गाडीत जाऊन बसलेही होते. ड्रायव्हरने गाडी काढली आणि बुजवलेल्या पाटावर आणली. माती भिजून लापशी झाली होती. चाक पार आत गेलं.

मी खोकं स्टेजवर ठेवलं. सेक्रेटरीला म्हटलं, "तुमचे पाहुणे काही जात नाहीत. आता घाई कुणाला?" तो स्टेजच्या कडेला झाला.

मास्तरांना दोघांनी धरून वर चढवलं. त्यांनी पेटी बाहेर काढली. खोक्याचा तळ भिजला होता, पेटीची खालची फळी ओली होती. मास्तरांनी पदरासाठी माझ्याकडे हात पुढे केला, मी दिला. फळी पुसली, भाता उघडला, एकेक पट्टी दाबून पाहिली. पाण्यात उभे असलेले लोक तेवढ्यासाठी गप्प झाले. एक सूर फुसफुसला. बाकी सगळे बोलले.

मास्तर वाजवायला लागले. कोणता राग ते मला कळत नाही, संध्याकाळचा होता म्हणे. पापडी गावचा एक बँडवाला कार्यक्रम बघायला आला होता, तो वर चढून स्टेजवरच्या तबल्याला बसला. माइक नव्हता, म्हणून लोक पुढे सरकले. बायकांनी लुगडी गुडघ्यापर्यंत घेतली. पाणी उडवणाऱ्या पोरांना दोन-तीन धपाटे बसले. जावेने घरून गॅसबत्ती आणून स्टेजवर ठेवली. पाहुणे पॅन्ट दुमडून आले आणि पायरीवर बसले. मान हलवत होते, समजत असावं त्यांना.

बऱ्याच वेळाने सेक्रेटरी वाकून म्हणाला, "काका, अर्धा तास झाला."

"माझ्याकडे घड्याळ नाही," मास्तर म्हणाले आणि पुढचं सुरू केलं. त्यांना जेवढं वाजवायचं होतं तेवढं वाजवलं. भावजींनी फळ्या लावून गाडी काढली तरी पाहुणे उठले नाहीत.

पुढच्या वर्षी ती बोटं ऐकेनाशी झाली. मास्तर आले, पण पेटी घरी ठेवून. नंतर ते वारले. भावजी गेले, माझे यजमान गेले. त्या दिवशी पाण्यात उभं राहून मास्तरांचं वाजवणं ऐकलेल्या आमच्या वयाच्या माणसांपैकी आळीत आज दोघीच आहोत, जाऊ आणि मी.