पाईपची बासरी आणि आबांचा दम

माझं माहेर धुळ्याचं, सासर भडगावचं. सासरी पाईप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान, गिरणा नदीच्या अंगाला केळीचा मळा आणि घरात सासऱ्यांची बासरी. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं. दुकान मला लगेच जमलं, मळा हळूहळू समजला. बासरीवरून मात्र आबांचे आणि माझे पहिल्या वर्षापासून खटके उडायचे.

आबांचं म्हणणं, बासरी बांबूचीच. डोंगरातल्या वाऱ्यात वाढलेला बांबू असतो म्हणून तो गोड बोलतो. त्यांची बासरी त्यांनी साक्रीकडच्या एका जत्रेत तरुणपणी घेतलेली, लाल दोऱ्याने दोन ठिकाणी बांधलेली. मला वाद घालायची मूळचीच खाज. मी म्हणायचे, आबा, आवाज आतल्या हवेचा असतो. नळी बांबूची असो की आपल्या दुकानातली, हवेला काय कळतंय? चहा कपात प्या नाहीतर स्टीलच्या पेल्यात, चहा तोच.

"मंग तू पेलामाच पी," आबा म्हणायचे. "ओठ भाजतीन तव्हय समजी."

सासूबाई या भांडणात कधी पडल्या नाहीत. त्या भाकरी थापत राहायच्या. आबांची बासरी सुरू झाली की तवा जरा बाजूला घ्यायच्या, एवढंच.

गेल्या उन्हाळ्यात आबांना न्यूमोनिया झाला. जळगावच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. घरी आले तेव्हा शर्ट खांद्यावरून लोंबत होता. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दाखवून सांगितलं होतं, छाती साफ झाली, आता फक्त ताकद यायला हवी. तीन रंगीत गोळ्यांचं एक यंत्र दिलं होतं, नळीने श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. आबा दोन गोळ्या उचलायचे, तिसरी थरथरायची. "हाई पोरेसनं खेळनं शे," म्हणत ते यंत्र कोनाड्यात ठेवून द्यायचे. त्यांचा विश्वास फोटोवर नव्हता, गोळ्यांवरही नव्हता. घरी आल्यावर जरा बसता यायला लागलं तसं त्यांनी सासूबाईंकडे बासरी मागितली.

मी तेव्हा दारातच होते. आबांनी डोळे मिटून फुंक मारली. आवाज आला, पण कसा? घसा बसल्यासारखा, नुसता फुसफुस. त्यांनी ओठ हलवून पाहिले, बासरी जरा आत वळवली, बाहेर वळवली. वरचे सूर तर उठेचनात. चार-पाच फुंका मारून ते धापा टाकायला लागले. मग बासरी मांडीवर ठेवून बराच वेळ अंगणाकडे बघत बसले.

मी वातावरण हलकं करायला म्हटलं, "आबा, नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगण नीट शे, बेटा," ते म्हणाले. "पायच ऱ्हायनात नही."

असलं उत्तर त्यांनी कधी दिलं नव्हतं. ते नेहमी माझ्यावर उलटायचे, आणि ते उलटले की मला बरं वाटायचं.

त्यानंतर त्यांनी बासरी हातात घेतली नाही. संध्याकाळी मारुतीच्या पारावर भजनी मंडळ जमायचं, तिकडे जाणं सोडलं. मंडळी बोलवायला आली तर झोपेचं सोंग. जेवण अर्ध्यावर. डॉक्टर म्हणत होते चाला, श्वासाचा व्यायाम करा, आणि हे म्हणायचे, कशासाठी? एक दिवस मला म्हणाले, "ती बासरी कोनले तरी दई टाक. माले आते दम नही." ते ऐकून सासूबाईंनी भाकरीचं पीठ मळायचं थांबवलं. माणूस कसा संपत जातो ते मला तेव्हा दिसलं. आजार गेला होता, आणि आबा तरीही निघाले होते. मला फार भीती वाटली आणि त्याहून जास्त राग आला.

राग आला की मी काहीतरी उद्योग काढते. दुकानात पाईपांचे तुकडे पडलेले असतातच. बांबूच्या बासरीच्या तोंडाशी एकेक तुकडा धरून मी आतला गाळा, म्हणजे पोकळीची रुंदी, जुळवला. आधी वायरिंगचा पातळ पाईप घेतला. बासरीवरची भोकं त्यावर पेन्सिलीने उतरवली, यंत्राने पाडली, एका टोकाला बूच ठोकलं. मला बासरी येत नाही, पण आबांची थट्टा करता करता फुंक मारायला शिकले होते. त्या पातळ पाईपमधून वारा जास्त आणि सूर कमी. दुसरी केली पाण्याच्या जाड पाईपची. ती बरी बोलली, पण वरचे सूर चिरके. मग बूच जरा पुढे सरकवलं, तर सूर सरळ झाले. फुंकायच्या भोकाची कड गोल कानशीने आतून साफ केली, तर आवाज एकदम उघडला. माझे मालक, म्हणजे नवरा, गल्ल्यावर बसून हे सगळं बघत होते. गिऱ्हाईक पाईप वळवायचा कोपर मागत होतं आणि मी बूच सरकवत होते. "दुकान शे का बँडपथक?" असं ते म्हणाले.

एक गोष्ट मात्र मला तिथेच पटली. पाईप तोच, प्लास्टिक तेच, आणि केसभर कड बदलली की आवाज बदलतो. म्हणजे माझं म्हणणं खरं होतं: नळी कशाची यापेक्षा ती कशी कोरली याला महत्त्व. मी विजयी मुद्रेने ती करडी बासरी घेऊन घरी गेले.

आबांनी आधी हातच लावला नाही. "हाई पाईप शे, बासरी नही." मी म्हटलं, एकदा फुंका, नाही वाजली तर मी पुन्हा कधी वाद घालणार नाही. हे आमिष मोठं होतं. त्यांनी ती ओठाला लावली आणि फुंक मारली.

स्वच्छ, भरलेला सूर आला. आबा दचकले. पुन्हा फुंकले. मग वर गेले, तिसऱ्या सुरावर जरा थांबले, श्वास घेतला आणि अजून वर गेले. खोकला आला नाही. आत सासूबाईंनी तवा बाजूला घेतल्याचा आवाज आला.

"बघा, आहे ना दम!" मी टाळ्या पिटल्या.

आबांनी पाईप खाली ठेवला. "पाईपले दम लागत नही. तो मेलेलाच शे, कसाबी वाजी. बांबूले जीव लागस. तुनाच तोंडे तू सांग, हाई वाजस, ती वाजत नही. मंग फरक कशाना?"

माझ्याच काठीने मला मार बसला होता. इतकी वर्षं मी सांगत आले की नळीने फरक पडत नाही. आणि समोर दोन सारख्या नळ्या, माणूस एकच, फुंक एकच, एक वाजते आणि एक वाजत नाही. माझं खरं असेल तर बांबूच्या बासरीला काहीतरी झालेलं असलं पाहिजे. आबांचं खरं असेल तर आबा संपले. मला दुसरं मान्य करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांबूची बासरी घेऊन मी अंगणात गेले आणि उन्हाकडे धरून उघड्या टोकातून आत पाहिलं. नळी आतून गुळगुळीत दिसायला हवी. मला भिंतीवर तपकिरी, चकचकीत थर दिसला, आणि त्यात अडकलेला एक धागा. फुंकायच्या भोकाच्या कडेवर नख फिरवलं. माझ्या पाईपची कड बोटाला लागत होती, ही लागतच नव्हती. कोणीतरी लाख ओतल्यासारखी ती गोल झाली होती.

आबा बाजेवर बसले होते. मी बासरी त्यांच्या हातात दिली आणि त्यांचा अंगठा त्या कडेवर ठेवला. त्यांनी वास घेतला.

"चीक," ते म्हणाले. "केळीना."

आमच्याकडचा वैशाख म्हणजे लाकूडसुद्धा तडकतं. बांबू फाटू नये म्हणून आबा उन्हाळ्यात बासरी केळीच्या ओल्या सोपटात, म्हणजे खांबाच्या सालीत, गुंडाळून ठेवायचे. दुसऱ्या कुठल्या गावचा बासरीवाला हे करत असेल असं मला वाटत नाही. ज्याच्या दारात केळी त्यालाच सुचणार. पण ते संध्याकाळी ती काढायचे, बांबूच्या कामटीला फडकं गुंडाळून आतून पुसायचे, कड पुसायचे, मगच वाजवायचे. दवाखान्यातून आल्यावर मात्र सासूबाईंनी दिली तशीच त्यांनी ओठाला लावली होती. केळीचा चीक कपड्यावर पडला तर तो डाग जन्मभर जात नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक.

आणि आबा दवाखान्यात असताना सोपट कोणी बदललं? मळ्यातून रोज ताजं सोपट आणताना मी सासूबाईंना पाहिलं होतं. मला वाटलं होतं देवाला काही लागत असेल. त्यांना गुंडाळणं माहीत होतं, पुसणं नव्हतं. पुसायचं काम आबा पारावर बसून करायचे. तिकडे नवरा नळ्या लावून पडलेला, आणि इकडे ही बाई त्याची बासरी फाटू नये म्हणून ओल्या सालीत घालत होती. चीक झिरपत होता, वाळत होता, पुन्हा झिरपत होता.

आबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "तिले सांगू नको."

"नही सांगत," मी म्हटलं.

ते काम त्यांनी मला करू दिलं नाही. कामटीला चिंधी बांधून, खोबरेल तेल लावून, थोडं थोडं करत त्यांनी आतला थर सैल केला. कडेवरचा चीक नखाने सोलला. ते करताना ते पंधरवड्यात पहिल्यांदा गुणगुणत होते, आणि जेवायला हाक मारली तर "थांब ना" म्हणून खेकसले. ते खेकसणं ऐकून मला रडू आलं.

बासरी बोलू लागली तशी माझी खाज परत जागी झाली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हटलं. आबा, तुम्ही दाराआड बसा, एकदा बांबू वाजवा, एकदा पाईप, आम्ही ओळखतो. आबा तयार झाले. माझ्या मालकांनी पहिल्याला पाईप सांगितलं, तो बांबू निघाला. मी छाती ठोकून दुसऱ्याला बांबू सांगितलं, तो पाईप निघाला. म्हणजे मी हरले, आणि हरल्यामुळेच माझं म्हणणं खरं ठरलं. आबा दाराआडून हसायला लागले. "तुमले समजत नही, पन मना ओठेसले समजस," ते म्हणाले. "बांबू हातमा हलका लागस, ओठले गरम लागस." तेही खरं असणार. वाजवणारा आणि ऐकणारा एका जागी बसलेले नसतात, हे माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत आलं नव्हतं.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. आबांनी आतून विचारलं, "तू सांग ना वं. पह्यली कोनती, दुसरी कोनती?"

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले.

"माले काय समजस बासरी?" त्या म्हणाल्या. "मी ते तुमना दम ऐकत व्हती. दोन्हीसमा पुरा व्हता."

मग आबांनी सूर धरला. कोणती बासरी होती ते आम्ही कोणीच विचारलं नाही.