फिलिप्पैच्या पत्राला आक्काचा जवाब

त्या दिवशी आक्कानं सकाळी दीड भाकर खाल्ली, ठेच्यात तेल कमी पडलं म्हणून मला बोलली, अन् तनुजाला म्हणली, कॉलेजला जायच्या आधी ते जेलातलं पत्र वाच.

आक्का म्हंजे माझी थोरली बहीण चतुराबाई. तनुजा तिची नात. लेक अन् सून पुण्याला कंपनीत, म्हणून तनुजा शिकायला आमच्याकडं अर्धापूरला राहती अन् रोज बसनं नांदेडला जाती. जेलातलं पत्र म्हंजे बायबलातल्या पौलानं कैदेत बसून फिलिप्पै गावच्या मंडळीला धाडलं, ते. तनुजानं चहा पीत पीत सगळं वाचलं. त्यात एका जागी तो भांडलेल्या दोन बायांना समजावतो, एक होऊन राहा म्हणतो. तिथं आली की तनुजा भरभर पुढं जायची. आक्कानं थांबवून ती जागा परत वाचायला लावली.

"मंग? त्या दोघींचं काय झालं?"

"कोणाला मालूम, आजी. पुढं लिहिलेलंच न्हाई."

"त्या न्हाई गं. तू अन् तुझ्यासंग गाणारी आरती."

तनुजानं सॅक उचलली अन् बस चुकंल म्हणून गेली. आक्का मला म्हणली, संध्याकाळी ह्याचा राहिलेला जवाब लिहायचाय, वही वर काढून ठेव.

दुपारी जेवून ती लिंबाखाली बाजेवर पडली. मी तीनला चहा घेऊन गेले तवा ती गेली होती. तोंडावर तरास न्हवता. एक हात रोजच्यासारखा उशाखाली. चहा मी तिथंच खाली ठेवला अन् तिच्याजवळ बसले. मंग शेजारी खबर दिली.

आक्कानं चाळीस वर्षं केळीचे घड डोक्यावर वाहिले. शाळा बघितली न्हाई. लग्न झाल्यावर आमचे भावजी तीन वर्षं हैदराबादला कामाला होते. त्यांची पत्रं यायची, पोस्टमन वाचून दाखवायचा. आक्काला लिहिता येत न्हवतं अन् नवऱ्याला लिहायचं ते दुसऱ्याला कसं सांगावं म्हणून लाजायची. एकबी जवाब गेला न्हाई. भावजी परत आले तवा दारात उभं राहून पहिलं हेच म्हणले, मला वाटलं तू मेलीस. आक्का हे हसून सांगायची. पण तवापासून तिच्या डोक्यात बसलं, पत्राला जवाब न देणं म्हंजे बेअदबी.

तनुजा आमच्याकडं राहायला आली तवा तिच्या तरुण संघाच्या मोबाइलवरल्या ग्रुपवर रोज सकाळी त्या जुन्या पत्रांतली एक ओळ यायची, फुलाच्या फोटोवर. तनुजा हात जोडल्याचं चित्र धाडायची, झालं. आक्कानं विचारलं, हे काय असतंय. कळल्यावर म्हणली, पत्राची एक ओळ वाचून कोण घडी घालतं? पूर्ण वाच. तनुजानं वाचलं. आक्का म्हणली, आता जवाब लिही.

तनुजा हसली. आजी, लिहिणारा मरून दोन हजार वर्षं झाली.

"मला ठाव हाय. पत्र तर घरात आलंय ना?"

तसं सुरू झालं. पत्र वाचायचं, आठ दिवस त्यात सांगितलेलं करून बघायचं, अन् रविवारी जे झालं तेच वहीच्या पानावर लिहायचं. खोटं लिहायचं न्हाई. मंग आक्का पान घडी करून बिस्किटाच्या डब्यात टाकायची. जीभ आवरा असं एका पत्रात होतं, त्याला तनुजानं लिहिलं, बुधवारपर्यंत जमलं. श्रीमंताला पुढं अन् गरिबाला मागं बसवू नका, असं एकात होतं. आमच्या देवळात, म्हंजे चर्चात, झाडलोट करणाऱ्या शिवम्मा मागं चपलांपाशी चटईवर बसतात. तनुजानं लिहिलं, खुर्ची नेली, त्यांनी घेतली न्हाई, मंग मीच चटईवर बसले, तिथं पंखा लागत न्हाई. आक्का हे वाचायला लावून लई हसली. म्हणली, आता पुढच्यांना सांग, पंखा मागं फिरवा. तनुजानं देवळाच्या पाळक साहेबांना सांगितलं, अन् पंखा लागला.

एक जेलातल्या पत्राचाच जवाब राहिला. आक्काला तेच लई आवडायचं. म्हणायची, माणूस कैदेत बसून खुश हाय अन् तू नेट न्हाई म्हणून रडतीस. पण नाताळात गाण्याच्या सरावाला तनुजा सगळ्यांसमोर म्हणली होती, ही आरती गायला लागली की फाटका भोंगा लावल्यासारखं वाटतं. सगळे हसले. आरती त्या दिवसापासून देवळात आली न्हाई. तनुजानं दोनदा लिहायला घेतलं की आम्ही मजेत आहोत, अन् आक्कानं दोन्ही पानं परत दिली. हे पान डब्यात गेल्याबिगर तिला चैन न्हवतं.

मातीला आरती आली होती. कुंपणापाशी उभी राहिली, आमच्याकडं न बघता गेली.

चौथ्या दिवशी तनुजा मला म्हणली, मावशीआजी, माझ्यासंग चला. आरती घरी ब्लाऊज शिवती. आम्ही गेलो तर मशीन चालूच. तनुजानं उभ्यानंच माफी मागितली. आरतीनं पाय थांबवला.

"बोललीस सगळ्यांसमोर. अन् माफी घरात येऊन?"

तनुजाला राग आला, मला दिसलं. पण ती म्हणली, हाव, बरोबर हाय.

रविवारी देवळात गाणी झाल्यावर तनुजा पुढं जाऊन उभी राहिली. लई बोलली न्हाई. मी आरतीला काय म्हणले ते तुम्ही ऐकलं अन् हसलात, ते मी चुकीचं बोलले, एवढंच. खाली बघून म्हणली. मागं शिवम्मांच्या चटईवर आरती बसलेली होती. कवा आली कोणाला कळलं न्हाई.

दुपारी आरती आमच्या घरी आली. मी पिठलं टाकलं. तनुजानं वही काढली अन् लिहिलं, तुमचं पत्र मिळालं, आमचं सगळं मिटलं. आरती वाकून बघून राहिली होती.

"सगळं कुठं मिटलं? अर्धं लिही."

तनुजानं सगळं खोडून अर्धं लिहिलं. खाली आक्काचं नाव टाकलं, मंग आपलं, मंग पेन आरतीकडं केला. तिनंबी सही केली. मी पान घडी करून डब्यात टाकलं, पण डबा इतका भरलेला की झाकण बसंना. आरतीनं डबा खाली ठेवला, वर गुडघा टेकवला अन् दाबलं, तवा बसलं.