नारळ फुटल्यावरचं दुखणं

माझ्या सासूबाई आनंदाबाई हिंगणीत नागीण उतरवायच्या. नागीण म्हणजे अंगावर पट्ट्यासारखे उठणारे, आग आग करणारे फोड. सेलू तालुक्यात कोणाच्या कमरेला, कोणाच्या छातीला असे फोड उठले की लोक आमच्या ओसरीवर येऊन बसत. सासूबाई सहाणेवर गेरू उगाळत, मंत्र पुटपुटत आणि फोडांच्या दोन्ही टोकांना बोटाने जाड रेघ ओढून नागिणीची वाट अडवत. वाट अडवली नाही तर तिच्या तोंडाला शेपूट मिळतं आणि माणूस जातो, असं सगळे मानायचे. पैसा त्या घेत नसत. चहा मात्र मला करावा लागे, आणि तो एकट्या रोग्याला नव्हे, त्याच्यासोबत बैलबंडीत बसून आलेल्या सगळ्या गणगोताला.

त्यांचा एक नियम होता. खपल्या पडल्या की रोग्याने नारळ घेऊन यायचं, तो आमच्या पायरीवर फोडायचा आणि 'उतरली' असं तोंडाने म्हणायचं. त्यानंतर 'दुखते' हा शब्द काढायचा नाही. काढला तर नागीण त्याला हाक समजते आणि परत फिरते. बहुतेकांचं दुखणं तोवर गेलेलं असायचं, म्हणून हा नियम कोणाला जड गेला नाही. तानाबाईला मात्र गेला.

तानाबाई आमच्या शेतात तण निंदायला, कापूस वेचायला येणारी बाई, सासूबाईंच्याच वयाची. तिला पाठीवर नागीण निघाली होती. गेरूने म्हणा की आपोआप, ती सुकली, आणि तानाबाईने नारळ फोडला. पण पुढच्या हंगामातही ती मधेच थांबायची, लुगड्याचा पदर पाठीपासून सोडवून धरायची. एकदा वेचता वेचता म्हणाली, "आनंदाबाई, अजून आत आग होते वं."

सासूबाईंनी तिला सगळ्या बायांसमोर झापलं. "नारळ फोडला ना तुनं? मंग? फोड हायेत काय आता? नाईत. मंग दुखते कुठून? कामाचा कंटाळा होय हा."

तानाबाई गप्प झाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही, आणि सासूबाईंनी तेवढ्यावरून ती बरी झाली असं धरलं. बोलणं बंद झालं म्हणजे दुखणं बंद झालं, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

१९८३ च्या दसऱ्याआधी सासूबाईंनाच नागीण निघाली. डाव्या अंगाला, मणक्यापासून बेंबीकडे. आधी त्यांनी अंगावरून कोळी फिरला म्हणून सांगितलं. मग फोड नीट दिसायला लागले तसा त्यांचा चेहरा उतरला. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेलं दिसू नये म्हणून दिवसभर माझ्यावर डाफरत होत्या. पोटाकडची रेघ त्यांनी स्वतः ओढली, पण पाठीला हात पोचेना. दुसऱ्या कोणाला बोलावणं त्यांच्या मानात बसणारं नव्हतं. शेवटी सहाण माझ्यापुढे सरकवली.

"कोकिळे, ओढ. जाड ओढजो. वाट राह्यली नाई पाह्यजे."

"मले मंत्र येत नाई, आत्याबाई."

"मंत्राचं मी पाहीन. तू बोट चालव."

ज्या घरात वरणात मीठसुद्धा मला सासूबाईंना विचारून टाकावं लागे, त्या घरात नागिणीची वाट अडवायचं काम असं एकदम माझ्या हाती आलं. मी आपली ओढली रेघ.

नागीण सुकली. सासूबाईंनी शेजारपाजारच्या बाया बोलावून थाटात नारळ फोडला, 'उतरली' म्हटलं आणि खोबरं वाटलं. सगळ्यांनी वाखाणलं. मीही वाखाणलं, कारण खोबरं खात होते.

आणि मग त्यांचं लुगडं सैल झालं. एरवी त्यांची कमरेची गाठ अशी आवळलेली असायची की आम्ही त्यांच्या माघारी त्यांना पैलवान म्हणायचो. आता ती गाठ ढिली होऊन खाली उतरली. दर थोड्या वेळाने त्या कापड चिमटीत धरून अंगापासून उचलायच्या. डाव्या कुशीला वळायच्या नाहीत. नातवंडं अंगावर आली की ढकलून द्यायच्या, आणि नातवंडांवर त्यांचा किती जीव होता ते मी पाहिलेलं होतं. काय होतं म्हणून विचारलं की उत्तर एकच, "काई नाई."

वेचणी सुरू झाली तेव्हा सगळं उघडं पडलं. कापूस टाकायला बाया कमरेला कापडाची ओटी बांधतात. सासूबाईंनी बांधली, थोडं वेचलं, आणि ओटी सोडून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसल्या. भरून भरून ती भरते कापसानेच, त्याचं वजन ते किती. तरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. शेजारच्या ओळीत तानाबाई होती. तिने एकदा पाहिलं आणि मान खाली घालून वेचत राहिली.

मी जवळ जाऊन बसले. "आत्याबाई, दुखते ना?"

"तो शब्द काढू नको."

"नागीण परत येईल म्हणून?"

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "लोक काय म्हणतीन? दुनियेची उतरवली अन् सोताची उतरवता नाई आली म्हणतीन. मंग कोण येईन आपल्या ओसरीवर?"

कोणी आलं नाही तर माझा चहा वाचेल, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. त्या रडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला त्यांची फार दया आली.

गावात सांगितलं की माझ्या माहेरी वर्ध्याला जातो, आणि त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. एसटीत प्रत्येक खड्ड्याला त्या लुगडं उचलून धरत होत्या. तपासणारी डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने कापसाचा बोळा कमरेवरून नुसता फिरवला, तशा सासूबाई कळवळल्या.

"फोड तर गेले माये," त्या म्हणाल्या, जणू चूक त्यांचीच होती.

"फोड गेले, पण खालची नस दुखावली आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "वय झालेल्या माणसांना फोड सुकल्यावरही असं दुखत राहतं. कोणाला काही महिने, कोणाला वर्षं. तुमचं दुखणं खरं आहे, आजी. त्यात लपवण्यासारखं काही नाही."

"वर्षं?" सासूबाईंनी एवढंच विचारलं.

झोपताना घ्यायची एक लहान गोळी लिहून दिली होती. औषधाच्या दुकानदाराने ती देताना सहज विचारलं, "मन लागत नाई काय बुढीचं?" मन उदास असलं तरी तीच गोळी देतात म्हणे. झालं. सासूबाई रस्त्यातच उभ्या राहिल्या. "मले येडी ठरवलं त्या पोरीनं. नाई घेत मी." घरी आल्यावर गोळ्यांची पुडी फळीवर पडून राहिली आणि बाई रात्रभर कण्हत राहिल्या.

शेवटी माझा तोल गेला. "एरंडेल पोटालेही चालते अन् बंडीच्या आखालेही चालते. तुम्ही एरंडेल घेता तवा कोणी तुमाले बंडी म्हणते काय?"

त्यांना हसू आलं. हसल्यावर कमरेत कळ आली, आणि कळ आली तशी त्यांनी हात पुढे केला. मी गोळी दिली.

जादू काही झाली नाही. आधी नुसतं तोंड कोरडं पडायचं आणि सकाळी डोळे उघडायचे नाहीत. मी त्यांना लुगड्याच्या आत गुंडाळायला सासऱ्यांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर फाडून दिलं, त्याने कापडाचं घासणं कमी झालं. डॉक्टरीणबाईने पुढच्या खेपेला गोळी थोडी वाढवली. मग झोप लागायला लागली, आणि संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी त्यांनी धाकट्या नातवाला उचलून डाव्या कडेवर घेतलं. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं. पण आता ते सोसवण्यासारखं होतं.

वाटलं, बाई आता पुन्हा पहिल्यासारख्या तोऱ्यात येतील. पण त्या गप्प गप्पच राहिल्या. ओसरीवर एकजण फोड घेऊन आला तर त्याला गेरू लावला, आणि वर म्हणाल्या, "सेवाग्रामलेही दाखवून येजो." माझ्या हातातला चहा सांडता सांडता राहिला.

शेवटच्या वेचणीला त्या शेतात आल्या. दुपारी बाया बाभळीखाली भाकरी खायला बसल्या होत्या. सासूबाई तानाबाईच्या समोर जाऊन बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तानाबाई, पाठ दुखते काय अजून?"

तानाबाईने घाईने मान हलवली. "नाई, नाई. उतरली ना. तुमीच तं उतरवली."

"मले दुखते," सासूबाई म्हणाल्या. "नारळ फोडला त्या दिवशीही दुखत होतं. औषध घेऊन राह्यली, म्हणून बसता येते. तू सांगत होती ते खरं होतं. म्याच तुले खोटी पाडली."

तानाबाईने हातातला घास खाली ठेवला. तिचा चेहरा रडायच्या आधी होतो तसा झाला.

"आनंदाबाई," ती म्हणाली, "त्या नारळापासून मी एक रात्र पाठ टेकून झोपली नाई."