साळिंदराचा तक्ता

न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या मेंडी पोस्टरनाकने एका साळिंदराला टोपी घातली, दोन पायांवर उभं केलं आणि बोलायला लावलं. नाव ठेवलं टोबी. टोबीच्या चित्रपुस्तकासाठी गावोगावची पोरं पेपरच्या टपरीवर तुटून पडायची. पण टोबी कुणाच्या हातून उतरतो, हे काळ्या कुत्र्यालाही ठाऊक नव्हतं. पुस्तकावर नाव एकच, मालकाचं. सिड कॅलिश. ज्याला साधी मांजर काढता आली नसती.

मॅनहॅटनमध्ये बटणांच्या दुकानावर एक लांबट खोली, ओळीने टेबलं. एकाने पेन्सिल मारायची, दुसऱ्याने शाई, तिसऱ्याने बोलण्याच्या फुग्यातली अक्षरं. कारखानाच तो. पण गळ्यात टाय असला की माणसाला स्वतःला कामगार म्हणवत नाही.

मेंडीला एकच गोष्ट हवी होती: पहिल्या पानाच्या तळाशी आपलं नाव. मिळेना, म्हणून तो ते गवताच्या पात्यांत लपवायचा. छापून आलं की तिथे नुसतं गवत.

"कोण पुसतं रे हे?"

"मी," अक्षरं लिहिणारा डोमिनिक म्हणाला. "वरून हुकूम आहे. तुझं नाव पुसून वर गवत काढतो, तेही तुझ्यापेक्षा बरं."

मेंडी हसला नाही. दुपारच्या कॉफीला तो एकेकाला गाठू लागला. नाव नाही तर पान नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कॉफी त्याच्या पैशाची होती.

कॅलिशला वास लागला. तो चिडला नाही. येऊन खांद्यावर हात ठेवला. मालक शिवी देतो तेव्हा माणूस सावध असतो. मालक कौतुक करतो तेव्हाच घात होतो.

"मेंडी, तुझ्यासारखा टोबी कुणाला जमत नाही बघ. गर्दीच्या वेळी बाकीचे त्याची पार वाट लावतात. एक नमुन्याचा तक्ता करून दे. बघून तरी काढतील."

असले तक्ते सगळीकडेच असत. प्राणी समोरून, बाजूने, पाठीमागून, की झालं. चित्रकार ते जेवणाच्या सुट्टीत उरकायचे.

"तूही तसाच उरक," डोमिनिक म्हणाला. "खाटकाला सुरीला धार लावून देऊ नकोस, बावळटा."

"काढू देत बघून. तोंडाला फेस आला म्हणजे कळेल त्यांना, मेंडी काय चीज आहे."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने तो तक्ता केला. बायको फ्रीडाने हेरिंग मासा आणि राय ब्रेडची ताटली पुढे सरकवली, ती तशीच राहिली. टोबी हसताना, शिंकताना, खोटं बोलताना. बाजूला बारीक अक्षरांत सूचना: घाबरला की काटे ताठ होत नाहीत, उलट आडवे पडतात, त्यातच त्याची गंमत. नाक कधी डोळ्यांच्या वर जायचं नाही. आयुष्यभराचं सगळं कसब त्याने त्या एका कागदावर ओतलं.

तक्ता भिंतीवर लागला. मग मेंडी उठून म्हणाला, "पहिल्या पानावर माझं नाव, नाहीतर आम्ही सगळे चाललो."

खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज एकच आला. डोमिनिकची. बाकीच्यांच्या माना खाली, टाय शाईत.

"जा," कॅलिश म्हणाला.

पुढचा अंक मेंडीने टपरीवरच उभ्याने चाळला. कुठेतरी चूक सापडेल म्हणून पुन्हा चाळला. काटे आडवे पडले होते. नाक जागेवर होतं. हा आपण काढलेला नाही, हे त्याचं त्यालाच ओळखता येईना.

नंतरची वर्षं माहितीपत्रकांसाठी फ्रीजची चित्रं काढण्यात गेली. फ्रीजवरही कुणाचं नाव नसतं, पण फ्रीज त्याने जन्माला घातले नव्हते. डोमिनिक छातीच्या दुखण्याने गेला. मेंडीच्या हाताला बारीक कंप सुटला. शेवटी, टोबी काढायला माणूस हवाय असं कळलं, तेव्हा फ्रीडाने कोटाला ब्रश मारून त्याला पाठवलं.

कॅलिश मरून गेला होता. नव्या तरुण संपादकाने एक कळकट छापील प्रत पुढे टाकली. "हे बघून दोन चित्रं काढा, काका."

तोच तक्ता. मेंडीने चित्रं काढली. जपून, घाम पुसत.

"नाही हो," तो पोरगा मऊ आवाजात म्हणाला. "हा आमचा टोबी नाही. नाक बघा कुठे चढलंय. तक्त्यात लिहिलंय की स्पष्ट."

"ते मीच लिहिलंय. तक्ता माझा आहे."

"असं सांगणारे बरेच येतात, काका. नाव दाखवा ना त्यावर तुमचं."

मेंडीने तक्ता वर केला, खालचा कोपरा डोळ्यांजवळ नेला. कोरा. पानापानांवर गवतात नाव लपवत राहिला, आणि जिथे डोमिनिकचा ब्रश कधी फिरला नसता, तिथे घातलंच नव्हतं. कोणाचा आहे ते आंधळ्यालाही कळेल, असं तेव्हा वाटलं होतं.

घरी फ्रीडाने दार उघडलं. "काय झालं?"

"काही नाही," तो कोट काढत म्हणाला. "माझा टोबी त्यांना चालत नाही."