एका कागदावर दोन नावं

इकडं ये, अशी जवळ बस. तो मोबाइल आधी पालथा ठेव. दोन महिन्यांनी आलीस, तासाभरात निघते म्हणतीस, आणि आल्यापासून नुसती हापिसची तक्रार. म्हणे, "मावशी, आमच्याकडं नियमच एवढे, की काम होत न्हाई." अगं, नियमाला नावं ठेवणारी माणसं मी लई बघितली, पण नियम शेवटच्या पानापर्यंत वाचलेली फार थोडी. तुला आत्ता जी नोकरी लागली, माणसं नेमायची आणि सामान घ्यायचं, तेच काम मी अकरा वर्षं केलंय. तेव्हा ऐक, आणि मधी बोलू नकोस.

मी दहावीपुढं शिकले नाही, हे तुला ठाऊक आहे. बालवाडीवर होते. बाहेरदेशाच्या पैशावर चालणारी ती संस्था आपल्या भागात आली आणि केजला खताच्या दुकानावर दोन खोल्यांत तिचं हापिस लागलं. काम काय, तर हंगामी वसतिगृहं चालवायची. आईबाप ऊस तोडायला गेले की पोरांनी गावातच राहावं, शाळा सुटू नये. मी नुसती रजिस्टर लिहायला लागले होते. खरेदी आणि भरती बघणारा माणूस पुण्याला निघून गेला, तेव्हा आमचे साहेब म्हणाले, "बाई, तात्पुरतं तुम्ही बघा." ते तात्पुरतं मी निवृत्त होईपर्यंत चाललं.

नियमाचं पुस्तक इंग्रजीत, उशीएवढं जाड. डिक्शनरी घेऊन रोज दोन पानं वाचायची आणि कडेला पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहायचा. पावसाळा संपला तसं पुस्तकही संपलं. पुढं साहेबच विचारायला यायचे, "बाई, यात काय लिहिलंय?" सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही, त्या हापिसात नियम माझ्याइतका कुणाला येत नव्हता.

खरेदीचंच बघ. वसतिगृहाला चादरी घ्यायच्या होत्या. तीन दुकानदारांची बंद पाकिटं मागवली, त्यात एक माझा चुलतभाऊ. तो हसून म्हणाला, "आक्के, घरच्या माणसाला पाकीट कशाला?" मी तिघांचे नमुने हापिसच्या गच्चीवर स्वतःच्या हातानं धुतले आणि वाळत घातले. भावाच्या चादरीची किनार उसवली. वर्षभर तो माझ्या घरी जेवला नाही. पुढच्या वर्षी चांगला माल घेऊन आला, जिंकला, आणि जेवलासुद्धा.

तर आता मुद्द्याचं. युसूफ वडगावच्या पलीकडं एका गावात नवं वसतिगृह उघडायचं होतं, चाळीस पोरांचं. जाहिरात मी स्वतः लिहिली, "स्वयंपाकासाठी दोन जागा. स्त्री किंवा पुरुष. शिक्षणाची अट नाही." शाळेच्या भिंतीला लावली, देवळाच्या भोंग्यावर वाचून दाखवली. शेवटच्या दिवशी साहेब, हेडमास्तर, सरपंचबाई आणि मी असे अर्ज उघडायला बसलो. नऊ अर्ज होते, आणि प्रत्येक कागदावर दोन नावं. नवऱ्याचं आणि त्याच्याखाली बायकोचं.

साहेब म्हणाले, "हे अर्ज आहेत का लग्नपत्रिका?"

सरपंचबाई हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. आपल्याकडं ऊसतोडीचं काम एकट्याला कुणी देतं का? नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी नेणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. जन्मभर ज्यांनी जोडीनंच काम धरलं, त्यांनी दोन जागा बघितल्या आणि जोडीचं नाव घातलं. त्यात त्यांचं काय चुकलं? चुकले मी. माझी आई उसाच्या फडात वाढली, मी ह्याच मातीतली, आणि एका माणसाचा एक कागद, एवढं लिहायचं मला सुचलं नाही.

दिल्लीला संस्थेच्या मोठ्या हापिसातल्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, सगळे अर्ज रद्द करा, पंधरा दिवसांची नवी जाहिरात द्या. आता दसरा होऊन गेलेला. टोळ्यांचे ट्रक गुरुवारी निघणार होते आणि तो दिवस होता शुक्रवार. पंधरा दिवसांनी गावात म्हातारी माणसं आणि शेळ्या, एवढंच उरणार होतं. स्वयंपाकाला कुणी नाही म्हणजे वसतिगृह नाही, आणि पोरं आईबापामागं ट्रकात.

त्या नऊ अर्जांतली एक बाई माझ्या ओळखीची होती. अर्ज देताना ती हळूच बोलली होती, "ताई, पोरगी सातवीला हाय. एक साल कुठं शाळेत पुरं झालं न्हाई तिचं. आजवर म्हातारी होती, तिच्यापाशी तरी थोडे दिस ऱ्हायची. आता म्हातारी बी गेली. ह्यांचं म्हणणं, वयात आलेली पोर परक्या छपराखाली ठेवायची न्हाई, आई संगं असली तर गोष्ट येगळी." म्हणजे आईला काम लागलं तर पोर शाळेत, नाहीतर उसात. आणि उसात गेलेल्या तेरा वर्षांच्या पोरीचं पुढं कसं लगीन लावून टाकतात, ते तुला मी सांगायला नको.

मी पुस्तक काढलं. खरेदीच्या भागात माझीच पेन्सिलीची टीप सापडली. किरकोळ उणीव भरून घेता येते, मात्र लेखी, आणि सगळ्यांना सारखी संधी देऊन. भरतीच्या भागात त्याबद्दल हो नाही आणि ना नाही. परत फोन लावला. म्हटलं, "मॅडम, पाण्याच्या टाकीवाल्याचा पाकिटातल्या कागदावर शिक्का राहिला होता, तेव्हा आपण त्याला दोन दिवस दिले होते. टाकीला जी सवलत दिली, ती माणसाला द्यायची नाही का?"

मग म्हणाल्या, "लेखी पाठवा."

तासाभरात पाठवलं. चारच्या सुमाराला मंजुरी आली. नऊ घरांना एकसारखं पत्र, वेगवेगळे अर्ज द्यायला दोन दिवस. पत्रं मी स्वतः घरोघरी दिली आणि दारात उभी राहून वाचून दाखवली. सोमवारी सकाळी अठरा कागद टेबलावर होते.

मंगळवारी शाळेच्या व्हरांड्यात मुलाखती झाल्या. चाळीस पोरांना पीठ किती लागेल, एवढाच पहिला प्रश्न. निम्मे गडी तिथंच उठले. एकजण म्हणाला, "आपल्याला खायचं म्हायती, पिठाचं तिलाच इचारा."

मग ती बाई आली, मागं नवरा. मी तिला नाव विचारलं, ते त्यानं सांगितलं. पीठ किती विचारलं, तेही त्यानंच सांगितलं, आणि चूक सांगितलं.

"दाजी, तुमची मुलाखत झाली. बाहेर चहा ठेवलाय, तो घ्या."

"आवं ताई, ती बुजरी हाय. तिला बोलाय येत न्हाई."

"मग कसं येत नाही ते बघू द्या मला."

तो गेला. तिनं दाराकडं बघितलं, पदर सारखा केला आणि सुरू झाली, "ताई, पीठ पोरं बघून सांगावं लागंल. पाचवीतलं दोन भाकरी खातंय, आठवीतलं चार. आन पयल्या आठवड्यात कुणीच जेवणार न्हाई, आईची सय येती. तवा पीठ कमी मळायचं, पिठलं पातळ करायचं, म्हंजी घशाखाली उतरतंय."

हेडमास्तरांनी पेन खाली ठेवला. आम्ही चौघांनी गुण वेगवेगळे लिहिले होते, पण बेरीज केल्यावर तिच्यापुढं कुणी नव्हतं. दुसरी जागाही एका बाईलाच गेली.

बुधवारी यादी लागली आणि तिचा नवरा हापिसात येऊन बसला. चिडलेला नव्हता, पण पार गळून गेला होता.

"ताई, मुकादम अर्ध्या कोयत्याला घेत न्हाई. माझं निम्मं तुमी ठिवून घेतलं. मी कुणासंगं जाऊ?"

असल्याचा नियम पुस्तकात नव्हता. गोड बोलून त्याला फसवायचं माझ्या मनात आलं नाही. म्हटलं, "घरातलं तुम्ही ठरवा, दाजी. उद्या बारापर्यंत तिची सही झाली नाही, तर मला तिसऱ्या नंबरला बोलवावं लागेल."

"पोरीचं तुमी काय म्हणता?"

"मी काय म्हणू? पोरीला विचारलं का कुणी?"

त्यानं टोपी झटकली आणि गेला.

गुरुवारी मी वसतिगृहाच्या दारात किल्ल्या घेऊन बसले. एरवी मी डळमळणारी नाही, पण त्या सकाळी तीनदा चादरी मोजल्या. साडेअकराला ट्रक निघाला, वर पेट्या, सरपण, कोंबड्या, माणसं. टपाच्या कडेला तो बसलेला दिसला आणि शेजारी त्याचा धाकटा भाऊ. भावाची बायको नुकतीच बाळंत झालेली, म्हणून तोही त्या साली अर्धा कोयता होऊन घरीच बसणार होता. मला बघून तो वरनंच ओरडला, "ताई, दोन अर्धे मिळून कोयता झाला. मुकादमाला पटवलं."

पण ती कुठं होती? ट्रक वळणावर दिसेनासा झाला तरी पत्ता नाही. बाराला दहा कमी असताना मागच्या बोळातनं आली, डोक्यावर लाकडी काटवट, मागं पोरगी, पाठीला दप्तर.

म्हटलं, "उशीर केलास गं."

"तुमी परात आणलीया न्हवं? परातीत भाकरीचं पीठ चांगलं मळत न्हाई. घरची काटवट आणाया गेलते."

परात मी तीन पाकिटं उघडून आणली होती, बरं का. मी परात बाजूला सारली आणि नेमणुकीचा कागद तिच्यापुढं ठेवला.

तिनं पेन घेतला, आपलं नाव सावकाश लिहिलं आणि विचारलं, "ह्यांचं कुठं लिहू?"

"कुठंच नाही. हा तुझा एकटीचा कागद."

तिनं तो कागद दोन्ही हातांत धरून उजेडात बघितला, आणि मग चुलीकडं गेली.

ती पोर औंदा बारावीला आहे, आणि आई अजून त्याच वसतिगृहात भाकरी करते. मी मात्र त्या वर्षानंतर प्रत्येक अर्जाच्या माथ्यावर ठळक लिहून घेतलं, एका माणसाचा एक कागद.

ऊठ आता, तुझा ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. पण पुढच्या खेपेला अशी उभ्याउभ्या येऊ नकोस. दसरा झाला की लगेच ये, चांगली चार दिवस. तिच्या काटवटीतली भाकरी खायला तुला घेऊन जाईन. आणि येताना ते तुझं नियमाचं पुस्तक पिशवीत टाक. मी पेन्सिल टोक करून ठेवते.