एकशे एकोणसत्तरावी सुई

मोज्यांच्या कारखान्यात तिला सगळे सुईमावशी म्हणायचे. मोजे विणणाऱ्या यंत्रात गोलाकार एकशे अडुसष्ट सुया असतात. त्यातली एखादी जरा वाकली, तरी नुसत्या खडखडाटावरून मावशी ती हुडकून काढायची. सव्वीस वर्षं हेच काम. दहावीनंतर शिक्षण सुटलं ते सुटलंच, पण हात असा बसलेला की नवे इंजिनीअरही अडले की आधी तिलाच हाक मारत.

मग नवी यंत्रं आली. त्यांच्या पोटात एक सर्किट बोर्ड आणि त्यावर चालणारा प्रोग्राम, कारखान्यातल्याच एका इंजिनीअरनं सी भाषेत लिहिलेला. नोकरी सोडताना त्यानं त्यात काही शेवटचे बदल केले, आणि तेव्हापासून टाच बिघडली. टाचेची वीण किती ताणायची तो आकडा ऑपरेटर सकाळी भरायचा. पहिला मोजा नेमका उतरायचा. दुसऱ्यापासून टाच ढिली. मावशीनं सुया बदलल्या, धागा बदलला, अख्खं यंत्र खोलून परत बसवलं. ढिम्म फरक नाही. "मावशीचं आता वय झालं," असं जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी बोललं, आणि ते तिच्या कानावर आलंच.

तिनं नव्या इंजिनीअरकडे प्रोग्रामची छापील प्रत मागितली.

"वाचून काय करणार, मावशी?"

"आधी वाचता तर येऊ दे," ती म्हणाली.

तिची मुलगी कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवायची. रविवारी जेवणं उरकली, की टेबल पुसून मायलेकी लॅपटॉपपुढे बसू लागल्या. सुरुवातीचं मावशीनं भराभर उचललं. एखादं काम ठरावीक वेळा परत परत करायचं, हे तर तिच्या यंत्रांचंच रोजचं जगणं. गाडी अडली ती पॉइंटरपाशी, म्हणजे किमतीऐवजी तिचा पत्ता धरून ठेवणाऱ्या गोष्टीपाशी. छापील कागदांवर जिकडेतिकडे * अशा चांदण्या होत्या आणि मुलगी सांगायची, "चांदणी म्हणजे त्या पत्त्यावर जे आहे ते." मावशी मान हलवायची, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. तीन रविवार असेच गेले.

चौथ्या रविवारी मुलीनं समजावणं सोडून दिलं. आकडा ठेवायला 'ताण' नावाचं एक चल घेतलं, त्यात बेचाळीस ठेवले आणि आधी किंमत छापली, मग पत्ता. पडद्यावर बेचाळीस उमटले. खाली आकडे आणि अक्षरांची लांबलचक ओळ.

"हे काय?"

"तुझे बेचाळीस राहतात ती जागा. मेमरीत ओळीनं घरं असतात, आणि प्रत्येकाला क्रमांक."

"आणि 'ताण' हे नाव कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही, आई. नावं आपल्या सोयीला. बोर्डावर पोचेपर्यंत ती गळून पडतात. आत फक्त जागा असतात."

मावशीनं प्रोग्राम पुन्हा चालवला. बेचाळीस तेच, पत्ता निराळा.

"बिऱ्हाड हललं?"

मुलगी हसली. "दर वेळी नवी जागा मिळते. म्हणून तर पत्ता विचारून घ्यावा लागतो."

मग मुलीनं एक छोटं फंक्शन, म्हणजे एकच काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, लिहिलं. त्याला ताण दिला, त्यानं आत त्याचे पन्नास केले, आणि बाहेर येऊन पाहिलं तर बेचाळीसच. "त्याला प्रत मिळाली. त्यानं प्रत बदलली," मुलगी म्हणाली. आता तिनं किमतीऐवजी पत्ता दिला आणि आत एक चांदणी घातली. बाहेर पन्नास छापून आले.

मावशीनं त्या पन्नासवर बोट ठेवलं. त्या फंक्शनला ताण म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, मोजा ठाऊक नव्हता. हातात एक क्रमांक होता, आणि तेवढ्यावर ते बरोबर त्या घरात जाऊन आलं होतं.

"पॉइंटरमध्ये एक मिळवला तर?"

"पुढच्या घरात जातो."

"आणि रांग संपली असेल तर?"

"तरी जातो."

"कुणी अडवत नाही?"

"सी नाही अडवत. लिहिणाऱ्याला कळतं असं धरून चालते ती."

 मावशी उठून छापील कागद घेऊन आली. प्रत्येक मोज्यानंतर सगळ्या सुयांची नोंद पुसायची, असा एक तुकडा त्यात होता. पॉइंटर पहिल्या सुईपासून निघून एकेक घर शून्य करत जायचा. तिनं बोट ठेवून मोजलं. मोजणी शून्यापासून सुरू, आणि 'एकशे अडुसष्टपर्यंत, तोही धरून.'

"ही एकशे एकोणसत्तर घरं झाली," ती म्हणाली. "माझ्या यंत्रात एवढ्या सुयाच नाहीत. मग शेवटचं घर कुणाचं?"

"ते कागदावरून नाही सांगता यायचं. बोर्डालाच विचारायला हवं."

सोमवारी तिनं इंजिनीअरला दोन पत्ते छापायला लावले: सुयांची रांग संपल्यावर लगेच येणाऱ्या घराचा, आणि टाचेच्या ताणाचा. दोन ओळी एकाखाली एक उमटल्या. इंजिनीअर खुर्चीत पुढे सरकला. मावशीनं एकेक अक्षर ताडून पाहिलं. दोन्ही पत्ते एकच होते.

पहिला मोजा विणून झाला, की पॉइंटर रांगेबाहेर एक पाऊल टाकत होता आणि सकाळी भरलेला आकडा पुसून टाकत होता. इंजिनीअरनं 'पेक्षा लहान किंवा बरोबर' या अटीतलं बरोबरीचं एक चिन्ह काढलं, आणि मोजणी एकशे सदुसष्टवर थांबू लागली. दुपारपर्यंत चारशे मोजे निघाले, सगळ्यांच्या टाचा घट्ट.

मॅनेजर येऊन पाठ थोपटून गेला. मावशीचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं. ती यंत्राच्या झाकणावर तळवा टेकून उभी होती. खडखडाट ओळखीचाच होता. पण त्याच्याखाली, जराही आवाज न करता, कुणीतरी घराघरांतून फिरत होतं, सांगितलेल्या क्रमांकावर थांबत होतं आणि पुढे जात होतं. इतकी वर्षं आपण यंत्र ऐकतो असं तिला वाटत आलं होतं.

पुढच्या रविवारी मुलीनं सांगितलं, की पॉइंटरही एका घरातच राहतो, त्यालाही पत्ता असतो, आणि तो पत्ता आणखी एका पॉइंटरमध्ये ठेवता येतो.

"आणि त्याचा पत्ता?" मावशीनं विचारलं.

"तोही असतोच कुठेतरी."

मावशीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "दाखव," ती म्हणाली.