जपूनकाकांची लांब रेघ

जपूनकाकांइतका भित्रा माणूस मी कोल्हापुरात दुसरा पाहिला नाही. ज्या गावात ख्यालीखुशाली विचारली तरी भांडण जुंपल्यासारखं वाटतं, त्या गावात हे गृहस्थ गॅसच्या शेगडीला, मारक्या म्हशीला, विजेच्या कडकडाटाला आणि स्वतःच्या मेहुण्याला भ्यायचे. रंकाळ्यावर भेळ खायला गेले तर पाण्याकडे पाठ करून बसायचे. चहा हातात घेतला की कपबशीचा किणकिणाट सुरू, कारण त्यांचा हात कायम कापायचा. आलेल्या माणसाला "जपून, पायरी हाय" आणि निघालेल्याला "जपून रं बाबा". खरं नाव दुकानाच्या पाटीवर राहिलं आणि माणूस जपूनकाका झाला.

महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. घराणं मूळचं जयसिंगपूरकडचं, लिंगायत, घरात अर्धी कानडी. दुकान पोटासाठी होतं, जीव होता माडीवरच्या खोलीत. सरकारी परवाना काढून घरच्या बिनतारी यंत्रावरून एकमेकांना हाका मारणारे हौशी लोक असतात, त्यांतले ते एक. जुन्या तारखात्याच्या, टिंबं आणि रेघांच्या कट्ट-कडकट्ट लिपीत ते बोलायचे. हात कापत असल्यामुळे त्यांची टिंबं अडखळत जायची आणि लांबलांबचे लोक नाव कळायच्या आधी त्यांना ओळखायचे.

माझं शाहूपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दोन हजार सालानंतर निम्मं काम कॉम्प्युटरवर चालणारे रेडिओ निघाले. त्यातल्या एकाचे सुटे भाग मी मागवले आणि आम्ही दोघांनी ते जोडले. आजूबाजूची सगळी स्टेशनं पडद्यावर उभ्या रेघांसारखी दिसायला लागली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. काका मात्र दोन पावलं मागे सरकले. "आकडं झ्याक दावतंय की. पर खरं कशावरनं?"

त्यांची शंका रास्त होती. यंत्राच्या पोटात एक स्फटिक असतो, सगळं माप त्याच्या जिवावर. तो मुळातच थोडा चुकीचा असतो, शिवाय गरम झाला की एकीकडे आणि गार पडला की दुसरीकडे सरकतो. पडद्यावर एक आकडा आणि कान भलतीकडेच, असा प्रकार होतो. मी हे पुस्तकातून समजून घेत होतो, काकांना ते गल्ल्यावर बसून आधीच ठाऊक होतं. "मीटरपट्टी केसभर आखूड असली तर ब्लाउजपीसात कळत न्हाय, लेका. ताग्यात कळतंय." चूक केवढी दिसणार ते माप केवढं आहे त्यावर ठरतं, हा धडा मी एवढ्या सोप्या भाषेत पुन्हा कधी ऐकला नाही.

म्हणून त्यांचा नेम ठरलेला. यंत्र चालू केलं की आधी ते तापू द्यायचं. मग दिल्लीहून येणारी वेळेची टिकटिक शोधायची, कारण ती नेमकी कुठे असते हे पक्कं माहीत. पडद्यावर ती जितकी बाजूला दिसेल तितकी दुरुस्ती भरायची आणि मगच दुसऱ्याला हाक मारायची. मी चिडवायचो, "काका, सकाळीच केलं की हे." ते म्हणायचे, "सकाळची पट्टी सकाळी. भ्या नसलेला माणूस माप तपासत न्हाय."

त्यांची एकुलती एक लेक सुमन. तिलाही त्यांनी हे सगळं शिकवून परवाना काढायला लावला होता. तिचा हात मात्र दगडासारखा स्थिर. ती शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावी दिली, तेव्हा काकांनी रुखवतात चकल्या-करंज्यांच्या शेजारी एक छोटं, बॅटरीवर चालणारं बिनतारी यंत्र मांडलं. व्याही म्हणाले, "मिक्सर झ्याक हाय पावणं." त्या यंत्राबरोबर एक सवयही तिच्यासोबत गेली. काही बोलायच्या आधी बटण दाबून धरून एक लांब, सरळ रेघ ओढायची, म्हणजे ऐकणाऱ्याला आपलं यंत्र नीट जुळवून घेता येतं. बापलेकीचा नमस्कारच तो.

आणि मग पुराचं ते वर्ष आलं. रस्ते बंद, वीज नाही. "अप्पा, पाणी अंगणात आलंय, तासाच्या ठोक्याला हाक मारीन," एवढं बोलून सुमनचा फोन जो बंद पडला तो पडलाच. मी माडीवर गेलो तेव्हा काका यंत्रापुढे बसले होते आणि त्यांच्या हातांनी टेबल थरथरत होतं. यंत्र इन्व्हर्टरवर होतं.

ठोका झाला. ठरलेल्या जागी काहीच नाही. पडद्यावर मात्र रेघाच रेघा, पुरामुळे जो तो बोलत होता. मी घाबरून एकेका रेघेवर माउस मारत सुटलो. काकांनी माझा हात धरला.

"थांब. पट्टी तपास."

"काका, इन्व्हर्टर कधीही मान टाकील! आधी सुमनताईला शोधूया."

"चुकीच्या पट्टीनं मापून माझी पोर गावणार हाय व्हय?"

सुमनच्या फोननंतरच्या घाईत नेम राहून गेला होता. आतली दुरुस्ती वीज जायच्या आधीची होती, आणि खोली आता गारठून ओली झाली होती. काकांनी यंत्र तापू दिलं. इन्व्हर्टर पीप-पीप करू लागला तरी ते दिल्लीची टिकटिक शोधत राहिले. सापडली, चांगलीच बाजूला. त्यांनी दुरुस्ती भरली.

पुढचा ठोका झाला आणि नेमक्या जागी, केसासारखी बारीक, एक लांब रेघ उमटली. मागोमाग अक्षरं आली. आम्ही माळ्यावर आहोत. ठीक आहे. घाबरू नका.

मी टाळीच वाजवली. काका पांढरेफटक पडले होते. "ठीक न्हाय. तिचा हात कापतोय."

"काका, पुरात कुणाचाही कापेल."

"ते भ्या माझंच हाय रं. मला वळखाय येणार न्हाय व्हय?"

त्यांनी परत विचारलं, खरं सांग. मग आलं, मागची भिंत गेली, सासूबाईंना उठता येत नाही. तो निरोप घेऊन मी पुराच्या सरकारी कंट्रोल रूमकडे पळत सुटलो. तिथल्या साहेबांच्या हातापाया पडून बोट सुटल्याची खात्री करून घेतली आणि धापा टाकत परत आलो. काका तिथेच होते, अडखळत एकच शब्द पाठवत होते, जपून, जपून. दिवस मावळायच्या आत तिचं उत्तर आलं, बोट आली. त्यानंतर इन्व्हर्टर बंद पडला. काका ढसाढसा रडले आणि मग त्यांनी चहा मागितला. सुमनताईचं ते घर पुढं दुसऱ्याच दिवशी बसलं.

त्यानंतर काही वर्षांनी काका दवाखान्यात होते. बोलणं थांबलं होतं. आदल्या दिवशी मी विचारलं होतं, "भीती वाटते का?" तेव्हा म्हणाले होते, "वाटती की. न वाटून कसं?" दुपारी सुमनताई आली. तिनं त्यांचा तळहात उघडला आणि अंगठा दाबून धरला, लांब, सरळ. काकांचे डोळे मिटलेलेच होते. थोड्या वेळानं त्यांचं बोट हललं आणि तिच्या हातावर त्यांनी तशीच एक लांब रेघ ओढली. मी शेजारीच उभा होतो. त्यांचा हात जराही कापत नव्हता.